बैलाचं इंजेक्शन आणि इन्सुलिनचा ब्रेक

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आमच्या बैलाला शिंगाचा कॅन्सर झाला. गाव दारव्हा तालुक्यात, जनावरांचे डॉक्टर गोठ्यातच आले, झायलेझिन नावाचं गुंगीचं औषध टोचलं, बैल मान टाकून बसला आणि त्यांनी शिंग काढलं. नंतर मात्र बैल सारखा मुतत होता. बाबा म्हणे, "काऊन मुतून रायला हा इतका?" डॉक्टर सामान भरता भरता बोलले, या औषधानं रक्तातली साखर वाढते, इन्सुलिन दबतं, होते थोडा वेळ असं. लघवी वाढायला बाकीही कारणं असतात पण माझ्या डोक्यात साखरच राहिली. गुंगीच्या औषधाचा अन इन्सुलिनचा काय संबंध?

याचं उत्तर एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला मिळालं, तेही बरेच धक्के खाऊन, म्हणून नवीन पोरापोरींसाठी लिहितोय.

पहिला धक्का म्हणजे मी नेटवर "इन्सुलिन सिग्नलिंग" टाकलं आणि चार दिवस भलतंच वाचलं. इन्सुलिन बाहेर पडल्यावर स्नायूत अन चरबीत काय करतं ते होतं सगळं. आपल्याला पाहिजे इन्सुलिनचा स्राव, म्हणजे ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशीतून, जिथं ते तयार होतं, बाहेर कसं पडतं.

हा स्राव रोखणारा ब्रेक वाचायच्या आधी तो सुरू करणारा अॅक्सिलरेटर पाठ करा, नाहीतर काही कळत नाही. ग्लुकोज पेशीत जातं, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन वाढतं, त्यानं पोटॅशियमचं चॅनल म्हणजे पेशीच्या पडद्यातलं दार बंद होतं, पेशीचं व्होल्टेज बदलतं, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या पुड्या पडद्याला चिकटून बाहेर रिकाम्या होतात. एवढंच.

आता ब्रेक. अॅड्रेनालिन, नॉरअॅड्रेनालिन, सोमॅटोस्टॅटिन, गॅलॅनिन, हे सगळे इन्सुलिन रोखतात. प्रत्येकाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याची बसायची जागा, वेगळा पण आतमध्ये सगळे बहुतेक एकाच घरचे, जीआय आणि जीओ नावाची जी-प्रोटीन, म्हणजे रिसेप्टरचा निरोप पेशीत पोचवणारी प्रोटीन. अॅड्रेनालिनचा रिसेप्टर अल्फा-२, आणि झायलेझिन नेमकं तिथंच बसतं! ते वाचलं त्या रात्री लाइन गेली होती, मोबाइलच्या उजेडात वाचत होतो, उठून बाबांना फोन केला. ते म्हणे, "मंग बैलाले शुगर झालती का?" मी म्हटलं थोडा वेळ, हो.

रिसेप्टरवर हार्मोन बसला की जी-प्रोटीनचे दोन भाग सुटे होतात, एक अल्फा (रिसेप्टरचा अल्फा-२ वेगळा) आणि दुसरी बीटा-गॅमाची जोडी. अल्फा अॅडिनायलेट सायक्लेज नावाच्या एन्झाइमला दाबतो, मग ते बनवतं तो पेशीतला निरोप्या, सी-एएमपी, कमी होतो. पोटॅशियमची काही चॅनलं उघडतात आणि कॅल्शियमचं दार आवळलं जातं. इथवर सगळे लिहितात. मीही व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हेच फाडफाड बोललो, तर सर म्हणाले, "बरं, कॅल्शियम आपणच आत दिलं तर?" मी म्हटलं, मग इन्सुलिन सुटेल. चूक! विजेच्या झटक्यानं पेशीच्या पडद्याला बारीक भोकं पाडून आतलं कॅल्शियम आपल्या हातानं ठरावीक ठेवलं तरी नॉरअॅड्रेनालिन इन्सुलिन रोखतं, हा प्रयोग झालेला आहे. म्हणजे एक ब्रेक कॅल्शियमच्याही पुढे आहे. बीटा-गॅमाची जोडी स्नॅप-२५ नावाच्या प्रोटीनला जाऊन चिकटते, पुडी पडद्याला जोडणाऱ्या यंत्रणेतलाच हा एक भाग. मला ते जिनिंगवरून समजलं, कापसाच्या गाड्या रांगेत, नंबरही पुकारला, पण गेटच्या कडीवर कोणी हात ठेवून बसलंय. आधीचे ब्रेक म्हणजे नंबरच पुकारू न देणं.

हे सगळं जी-प्रोटीनमधूनच जातं हे कशावरून, असा पुढचा प्रश्न येतोच. तिथं डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष लक्षात ठेवा. ते जीआय-जीओच्या अल्फावर एक रासायनिक तुकडा डकवून देतं, मग रिसेप्टरचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही, आणि अॅड्रेनालिन देऊनही इन्सुलिन दबत नाही. जपानी शास्त्रज्ञांनी या विषाला आधी नावच मुळी लँगरहान्सच्या बेटांना (स्वादुपिंडातले पेशींचे पुंजके, बीटा पेशी यातच असतात) चेतवणारं प्रोटीन असं दिलं होतं. मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो, आणि क्लासच्या नोट्समध्ये याला जेमतेम एक ओळ.

आणि हो, "बीटा" शब्दानं माझे मार्क गेलेत. बीटा पेशी वेगळी, जी-प्रोटीनमधला बीटा वेगळा, आणि अॅड्रेनालिनचा बीटा रिसेप्टर तिसराच, तो तर उलट इन्सुलिन वाढवतो, फक्त अल्फा-२ समोर त्याचं चालत नाही. वहीत तिघांना तीन रंगाच्या पेनानं लिहा. शिवाय पेपर वाचताना पेशी उंदराच्या की माणसाच्या ते आधी बघून घ्या, ग्लुकोज आत नेणारं प्रोटीन उंदरात मुख्यतः ग्लूट-२ आणि माणसात ग्लूट-१, मी इंटर्नलला उलटं लिहून आलो होतो.