शिंगटी नवीन प्रजातीची आहे का, कसं तपासायचं?

नदीत वेगळी दिसणारी शिंगटी (मिशा असलेला मासा, कॅटफिश) सापडली की लोक आधी रंग बघतात, पण रंगावर जाऊ नका, मासा फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) टाकला की तो उडतोच. त्याआधी डीएनएसाठी पंखाचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा, नंतर आठवून उपयोग नाही.

मग मिशा. किती जोड्या आणि मागे कुठपर्यंत पोचतात ते लिहा. पाठीवरचा मागचा मांसल पंख पुढच्या पंखाला चिकटतो की मध्ये गॅप आहे? छातीच्या पंखाच्या काट्यावर करवतीसारखे दात किती, तेही भिंगाखाली मोजा. (काटा जपून हाताळा, टोचला तर जाम ठणकतं.)

खरी मजा डोक्याच्या हाडात. आपला मागूर आणि आफ्रिकन मागूर (हेही मिशीवाले मासेच) बाहेरून सारखेच वाटतात, पण कवटीचं मागचं टोक आपल्याकडच्याचं गोलसर आणि आफ्रिकनचं टोकदार असतं. ओढ्यातले दगडाला चिकटणारे मासे असतील, म्हणजे मत्स्यशास्त्रज्ञ होरांनी 1938 मध्ये पुण्याहून नोंदवलेल्या ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिससारखे, तर छातीवरच्या चिकटपट्टीच्या घड्यांचा आकार बघा. मणके एक्स-रेवर मोजायचे.

आणि एकाच माशावरून ठरवू नका हां, लहान-मोठे, नर-मादी सगळे मोजा, मग म्युझियममधल्या मूळ नमुन्याशी (ज्यावरून आधीच्या प्रजातीचं पहिलं वर्णन केलं, त्याच्याशी) ताडून बघा.