सायकलची चेन सैल झाली आहे की झिजली आहे, हे कसे ओळखावे आणि दुरुस्ती कशी करावी

सायकलची चेन वारंवार पडू लागली की बहुतेक जण दोनपैकी एक उपाय करतात. मागचे चाक थोडे मागे ओढून घेतात, नाहीतर दुकानात जाऊन चेनची एक जोड कडी काढून आणतात. चेन नुसती सैल झाली असेल तर पहिला उपाय अगदी बरोबर आहे. ती झिजली असेल तर मात्र या दोन्ही उपायांनी चेन पडायची तेवढी थांबते, झीज जागच्या जागी राहते आणि तिची भरपाई पुढे चेनव्हील (पायडलजवळचे दातेरी चाक) व फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे दातेरी चाक) यांच्या दातांना करावी लागते. म्हणून पाना हातात घेण्याआधी फूटपट्टी हातात घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हे मार्गदर्शन मुख्यतः बिनगिअरच्या साध्या सायकलीसाठी आहे. आडव्या दांडीची काळी सायकल असो, किंवा मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी मिळणारी सायकल असो, चेनच्या बाबतीत दोन्हींची रचना सारखीच असते. गिअरच्या सायकलीत काय वेगळे आहे, ते शेवटाकडे थोडक्यात सांगितले आहे.

चेन लांब होते म्हणजे काय होते

‘चेन ताणली’ असे आपण सहज म्हणतो, पण पोलादी पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. आजच्या सायकलची चेन ज्या बुश-रोलर चेनवरून आली, तिचे पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये घेतले. तिची रचना अशी, की बाहेरच्या दोन पट्ट्यांना जोडणारी पिन आतल्या पट्ट्यांच्या बुशमधून, म्हणजे बारीक नळीतून जाते आणि त्या बुशभोवती रोलर फिरतो. चेन दातांवर वळते तेव्हा प्रत्येक पिन आपल्या बुशमध्ये किंचित फिरते. तेथे तेल नसेल आणि बारीक धूळ शिरली असेल, तर ती धूळ पॉलिश पेपरसारखे काम करते, पिन बारीक होत जाते व बुशचे छिद्र मोठे होते. एका सांध्यातली ही झीज डोळ्यांना दिसतही नाही, पण शंभरावर सांध्यांतली झीज एकत्र झाली की चेन लांबलेली दिसते.

हिशेब करून पाहिला तर हे अधिक स्पष्ट होईल. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर नव्या चेनमध्ये अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. या लेखात त्यालाच एक कडी म्हटले आहे. साध्या सायकलीच्या चेनला साधारण ११२ कड्या असतात, म्हणजे पूर्ण चेन सुमारे १४२२ मिलिमीटर भरते. तिच्यात एक टक्का झीज झाली की लांबी १४ मिलिमीटरने वाढते. ही वाढ चेनच्या वरच्या आणि खालच्या पदरात वाटली जात असल्यामुळे चेन पुन्हा ताठ करायला मागचे चाक सुमारे ७ मिलिमीटर मागे घ्यावे लागते.

दातांमधले अंतर मात्र अर्धा इंचच राहते. त्यामुळे लांबलेली कडी दाताच्या मुळाशी न बसता टोकाकडे चढते, पायडलचा सगळा जोर थोड्याच दातांवर येतो आणि ते दात एका बाजूने खात जाऊन आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात. फ्रीव्हीलला हा मार जास्त बसतो. चेनव्हीलला ४४ आणि फ्रीव्हीलला १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेरीत फ्रीव्हील जवळजवळ अडीच वेळा फिरते, आणि तिचा प्रत्येक दात तेवढ्या जास्त वेळा चेनखाली येतो.

तपासणी

सायकल सपाट जागी डबल स्टँडवर उभी करावी. चेनकव्हर असेल तर ते, निदान त्याचा वरचा किंवा मागचा भाग, काढून ठेवावा. चेनवरचा चिखल आणि काळा थर फडक्याने पुसून घ्यावा, कारण मळलेल्या चेनवर पिनेची कडा नीट दिसत नाही आणि माप चुकते.

आता शाळेतली ३० सेंटिमीटरची फूटपट्टी घ्यावी. मागचा ब्रेक धरून पायडलवर हलका दाब द्यावा, म्हणजे चेनचा वरचा पदर ताठ होईल. दुसरा माणूस मदतीला असेल तर हे काम सोपे होते. एका पिनेच्या डाव्या कडेवर फूटपट्टीचा शून्य ठेवून तेथून २० कड्या मोजाव्या आणि विसाव्या कडीच्या शेवटी येणाऱ्या पिनेची डावीच कडा कोठे येते ते पाहावे. पिनेचा मध्य नजरेने धरण्यापेक्षा दोन्हीकडे एकाच बाजूची कडा धरली तर चूक कमी होते. नव्या चेनमध्ये हे माप २५४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर १० इंच येते. ते २५५ च्या आसपास असेल तर चेन चांगली आहे. २५६.५ किंवा त्याहून अधिक आले तर झीज एक टक्का झाली, आणि अशी चेन बदलावी. माप चेनच्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावे, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. त्यांतले सर्वांत मोठे माप खरे धरावे.

फूटपट्टी हाताशी नसेल तर आणखी एक साधी परीक्षा आहे. चेनव्हीलच्या अगदी पुढच्या बाजूला, जेथे चेन दातांना पूर्ण वेढून असते, तेथे चेन दोन बोटांनी धरून पुढे ओढावी. चांगली चेन जागची फारशी हलत नाही. अर्धा दात उघडा पडण्याइतकी ती सुटून येत असेल, तर चेन, चेनव्हीलचे दात किंवा दोन्ही झिजलेले आहेत. ही परीक्षा मापाइतकी नेमकी नाही, पण जुनी सायकल विकत घेताना फार उपयोगी पडते.

त्यानंतर सैलपणा पाहावा. चेनव्हील आणि फ्रीव्हील यांच्या बरोबर मध्यावर चेन बोटाने वर-खाली हलवावी. एकूण १० ते १५ मिलिमीटर हालचाल योग्य समजावी. चेनव्हील क्वचितच अगदी गोल आणि मध्यात बसलेले असते, म्हणून पायडल हळूहळू फिरवत चेन सर्वांत ताठ कोठे होते ते शोधावे व हे माप त्या जागी घ्यावे. सैल जागी माप घेऊन चेन ओढली, तर ताठ जागी ती नको इतकी आवळते, पायडल जड होते आणि हबच्या व पायडलच्या बेअरिंगवर विनाकारण ताण येतो.

या वेळी आवाजाकडेही लक्ष द्यावे. पायडलच्या प्रत्येक फेरीत एकदाच ‘टक’ असा आवाज येत असेल, तर दोष चेनव्हीलच्या वाकलेल्या दातात, कॉटरपिनमध्ये (पायडलची दांडी घट्ट धरणारी पिन) किंवा पायडलमध्ये शोधावा. सुमारे अडीच फेऱ्यांनंतर एकदा आवाज येत असेल, तर चेनची पूर्ण फेरी तेवढ्यातच होत असल्यामुळे एखादी कडी गंजून अडली आहे असे समजावे. चेन हाताने उलटी फिरवली की फ्रीव्हीलवरून सुटताना ती कडी सरळ न होता वाकडीच राहते आणि लगेच ओळखू येते. तिच्यावर तेलाचे दोन थेंब टाकून, दोन्ही बाजूंना धरून आडवी हलकेच वाकवली, की बहुतेक वेळा ती मोकळी होते.

माप चांगले असेल तर चेन ताठ करणे

मागच्या एक्सलचे, म्हणजे चाकाच्या आसाचे, दोन्ही नट पान्याने दोन-दोन फेरे सैल करावे, पूर्ण काढू नयेत. अनेक सायकलींना १५ चा पाना लागतो. पाना नटावर घट्ट बसत नसेल तर तोच रेटून वापरू नये, नटाचे कोपरे गोल झाले की पुढचे काम फार अवघड होते. कॅरिअर, स्टँड आणि मडगार्डच्या तारा एक्सललाच अडकवलेल्या असतील तर त्याही नटाबरोबर सैल होतात. मडगार्ड वेगळ्या स्क्रूने धरलेले असेल तर तो स्क्रूही थोडा सैल करावा, नाहीतर चाक मागे सरकत नाही.

एक्सलला दोन्ही बाजूंना चेन ओढण्याचे स्क्रू असतील, तर दोन्हींचे नट अर्धा-अर्धा फेरा असे सारखेच फिरवत जावे. ते नसतील तर चाक हाताने मागे ओढून आधी चेनच्या बाजूचा, म्हणजे उजवा नट बेताने आवळावा, मग रिम फ्रेमच्या दोन्ही दांड्यांच्या बरोबर मध्यावर आणून डावा नट आवळावा. रिम आणि दांडी यांत दोन्हीकडे सारखे बोट जाते का, हे पाहणे पुरेसे आहे. चाक तिरके राहिले तर चेन दातांवर सरळ चालत नाही, आणि नुकतीच ताठ केलेली चेन पुन्हा पडते. सैलपणा एकदा परत तपासून मग दोन्ही नट पूर्ण आवळावे.

यानंतर मागचा ब्रेक पाहणे कधीही टाळू नये. दांड्यांच्या ब्रेकमध्ये रबरे रिमच्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळे चाक मागे घेतले की रिम त्यांच्या जवळ येते आणि ब्रेक घासू लागतो. तारेच्या ब्रेकमध्ये रबराची रिमवरची जागा बदलते. रबर टायरला लागत असेल तर ते लगेच नीट बसवावे.

एक्सल खाचेच्या शेवटापर्यंत मागे गेला असेल आणि तरीही चेन सैल असेल, तर माप पुन्हा पाहावे. माप २५४ ते २५५ असेल, तर चेन मुळातच लांब बसवलेली आहे, आणि फक्त अशाच वेळी एक जोड कडी काढणे योग्य आहे. एक आतली व एक बाहेरची अशा दोन कड्या, म्हणजे एक इंच चेन कमी केली की चाक सुमारे अर्धा इंच पुढे येते. माझ्या सायकलीची झिजलेली चेन मी एका दुकानात अशीच दोनदा कमी करून घेतली होती. तिसऱ्या खेपेला फ्रीव्हील आणि चेनव्हील दोन्ही बदलावे लागले, आणि तो खर्च नव्या चेनच्या कितीतरी पट होता.

झिजलेली चेन बदलणे

बिनगिअरच्या सायकलीची चेन एक अष्टमांश इंच रुंदीची असते. गिअरच्या सायकलीची अरुंद चेन या दातांवर बसत नाही, म्हणून दुकानात तसे स्पष्ट सांगावे. चेन जोडण्याच्या जागी माशाच्या आकाराची स्प्रिंगची पत्ती असते, तिला चेनलॉक म्हणतात. पत्तीची फाटलेली शेपटी आणि तिच्याजवळच्या पिनेचे डोके पकडीच्या दोन जबड्यांत धरून दाबले की पत्ती सरकून निघते. ती उडून हरवू नये म्हणून वर फडके धरावे.

नवी चेन जुनीशेजारी ठेवून टोकाला टोक जुळवू नये, कारण जुनी लांबलेली असते. दोन्हींच्या कड्या मोजाव्या आणि जास्तीच्या कड्या चेन कापण्याच्या हत्याराने पिन ढकलून काढाव्या. ते हत्यार नसेल तर हे एवढे काम दुकानातून करून घेणे बरे. खिळा आणि हातोडीने पिन काढताना पट्ट्या वाकतात.

एक्सल खाचेत शक्य तितका पुढे घ्यावा. चेन आधी फ्रीव्हीलवर, मग चेनव्हीलवर चढवावी आणि दोन्ही टोके फ्रीव्हीलच्या शेजारच्या दातांवर आणून जोडावी, म्हणजे दातच ती धरून ठेवतात. चेनलॉकची पत्ती बाहेरच्या बाजूला, दिसेल अशी बसवावी. तिची दिशा महत्त्वाची आहे. माशाचे तोंड, म्हणजे पत्तीची बंद बाजू, चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. वरच्या पदरात ते चेनव्हीलकडे येते. उलटी बसवलेली पत्ती कशाला तरी अडकून निघते आणि चेन भर रस्त्यात सुटते. चेन चढवताना एका हाताने पायडल फिरवत दुसऱ्या हाताची बोटे दातांजवळ ठेवू नयेत, काडी किंवा स्क्रूड्रायव्हर वापरावा.

चेन ताठ करून झाल्यावर रिकाम्या जागी सायकल चालवून पायडलवर उभे राहून जोर द्यावा. चेन दात सोडून उडी मारत असेल, तर फ्रीव्हीलचे दात जुन्या चेनबरोबर झिजले आहेत आणि फ्रीव्हीलही बदलावे लागेल. ते काढायला वेगळे हत्यार लागते, म्हणून चाक दुकानात न्यावे.

गिअरच्या सायकलीत चेन ताठ ठेवण्याचे काम मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची, स्प्रिंग करते, त्यामुळे तेथे चाक मागे ओढण्याचा प्रश्नच येत नाही. माप घेण्याची रीत तीच, पण चेन लवकर बदलावी लागते. साधारणतः पाऊण टक्क्यावर, आणि मागे अकरा-बारा दातेरी चकत्या असतील तर अर्ध्या टक्क्यावर ती बदलतात.

तेल

रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवलेल्या जुन्या दातांच्या ब्रशने चेन उघड्यावर, विस्तवापासून दूर साफ करावी आणि पूर्ण सुकू द्यावी. मग प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब टाकावा, पायडल वीसेक वेळा उलटे फिरवावे आणि पंधरा मिनिटांनी बाहेरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. तेल आत, पिनेपाशी लागते. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ धरते. शिलाई मशीनचे तेल उन्हाळ्यात चालते, पावसाळ्यात ते लवकर धुऊन जाते, तेव्हा नवे इंजिन ऑइल बरे. गॅरेजमधले जळके ऑइल वापरू नये, त्यात धातूचा कीस असतो. खोबरेलही नको, ते थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते. कोकणातल्या पावसात सायकल रोज भिजत असेल, तर चेन आठवड्यातून एकदा पुसून तेल घालणे आवश्यक आहे.

नवी चेन बसवल्यावर एक्सलच्या नटाची पुढची कडा फ्रेमवर जेथे येते, तेथे खिळ्याने एक बारीक ओरखडा काढून ठेवावा. पुढे चेन ताठ करता करता नट त्या ओरखड्यापासून ७ मिलिमीटर मागे गेला, की त्या दिवशी चाक आणखी ओढण्याआधी २० कड्या मोजून पाहाव्या.