ताई मधेच लहान होते तेव्हा घरच्यांनी काय करायचं

ताई पोळ्या लाटत असते आणि लाटणं थांबतं. मग सहा-सात वर्षांच्या पोरीच्या आवाजात विचारते, "बाबा आले का?" बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी तिला गदागदा हलवलं होतं. तसं कधीही करू नका. या आजाराला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात: एकाच माणसात वेगवेगळे 'मी' असतात आणि आळीपाळीने पुढे येतात.

आधी गॅस बंद करा. समोरून जा, न विचारता हात लावू नका. हळू आवाजात वार, गाव आणि स्वतःचं नातं सांगा. अनवाणी पाय फरशीवर टेकायला सांगा, हातात गार पाण्याचं भांडं द्या. "तू कोण?" अशी उलटतपासणी नको. त्या वेळी तिच्यातलं जे कुणी समोर असेल त्याच्याशी नीट बोला, चिडणाऱ्याशीसुद्धा. मार बहुधा त्यानेच सोसलेला असतो.

हे का होतं? तान्ह्या बाळात एकसंध 'मी' नसतो. भूक, भीती, लाड अशा वेगवेगळ्या अवस्था पहिल्या काही वर्षांत हळूहळू एकमेकींशी जोडल्या जातात. पण ज्याच्या हातून जेवायचं त्याच्याच हातून रोज छळ होत असेल, तर पोर दोन्ही एकत्र लक्षात ठेवून जगणार कशी? म्हणून ती जोडणी होतच नाही. मार खाणारी वेगळी, शाळेत जाणारी वेगळी, आणि एकीची आठवण दुसरीला नाही. या कारणमीमांसेवर सगळ्यांचं एकमत नाही. मला मात्र ताईकडे पाहून ती पटते.

आमच्या मावशीला हे अंगात येणंच वाटलं. देवाच्या कार्यात, रीतीप्रमाणे अंगात येणं हा आजार नव्हे. नको असताना येणारं, माणसाचं जगणं मोडणारं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. वहीत तारीख, वेळ आणि किती वेळाचं आठवत नाही, एवढं लिहून न्या. आवाज ऐकू येतात म्हणून ताईवर चार वर्षं स्किझोफ्रेनियाचे उपचार झाले. वही दाखवल्यावर निदान बदललं. या आजारावर खास गोळी नाही. झोपेसाठी, नैराश्यासाठी औषधं देतात, पण मुख्य भर बोलण्याच्या उपचारावर, तोही वर्षानुवर्षं. आधी सुरक्षितता, जुन्या आठवणी नंतर. घरी बसून त्या उकरू नका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर तिला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

परवा तिने पुन्हा विचारलं, "बाबा आले का?" मी म्हटलं, "नाही येणार. कडी आतून आहे." ती उठली, कडी हाताने चाचपून आली आणि थोड्या वेळाने स्वतःच्या आवाजात म्हणाली, "तवा का थंड झालाय गं?"