वायनरीची सहल, बागेवर भार न टाकता

वायनरीच्या सहलीचे नियोजन करताना एका दिवसात किती ठिकाणे पाहून होतील, असाच हिशेब बहुतेक जण करतात. तो आधी बदलावा, कारण पाहुण्यांमुळे पर्यावरणावर जो भार पडतो त्याचा मोठा वाटा प्रवासाचा असतो. एकाच परिसरात दोन-तीन दिवस मुक्काम करावा, दिवसाला एक, फार तर दोन वायनरी पाहाव्यात आणि शक्य तिथे रेल्वेने, बसने किंवा चौघांनी मिळून एका गाडीने जावे. द्राक्षतोडणीच्या दिवसांत जायचे असेल तर आधी कळवून वेळ ठरवावी. माझ्या मते मात्र छाटणीचा काळ अधिक चांगला, कारण तेव्हा बागेतल्या माणसांना बोलायला सवड असते.

बागेत शिरण्यापूर्वी बुटांचे तळ घासून स्वच्छ करावेत. फायलोक्सेरा ही वेलीच्या मुळांवर जगणारी बारीक कीड उत्तर अमेरिकेतून युरोपात पोहोचली आणि 19व्या शतकाच्या उत्तरार्धात तिने तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या. अखेर अमेरिकी वेलींच्या खुंटावर कलमे बांधूनच त्या पुन्हा उभ्या राहिल्या. ही कीड बुटांना आणि टायरांना चिकटलेल्या मातीतूनही पसरते. त्यामुळे कोणी दारातच बूट जंतुनाशकात बुडवायला सांगितले, तर ते आनंदाने करावे.

वायनरी खरोखर शाश्वत आहे की नाही, हे टेस्टिंगच्या दालनातल्या फलकांपेक्षा वेलींच्या दोन ओळींमधल्या जमिनीवरून अधिक कळते. तिथे गवत किंवा हिरवळीच्या खताचे पीक आहे का, माती हातात घेतली की भुसभुशीत लागते का, पाणी ठिबकने दिले जाते का, हे पाहावे. भुरी आणि केवडा या वेलींवरील बुरशीजन्य रोगांवर काय फवारता, हे अवश्य विचारावे. सेंद्रिय बाग म्हणजे बिनफवारणीची बाग, हा समज चुकीचा आहे. पानांवर निळसर डाग दिसले तर ते बहुधा मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे असतात, आणि त्यातले तांबे वर्षानुवर्षे मातीत साचत जाते. म्हणूनच युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबे अशी मर्यादा घातली आहे. आपण वर्षाला किती तांबे वापरतो हे आकड्यात सांगणाऱ्या बागायतदारावर मी अधिक विश्वास ठेवतो.

त्यानंतर वायनरीची मागची बाजू दाखवण्याची विनंती करावी. टाक्या, पिंपे आणि फरशी धुण्यासाठी वाइनच्या कितीतरी पट पाणी लागते. एक लिटर वाइनमागे किती पाणी खर्च होते आणि ते सांडपाणी पुढे कुठे जाते, हे दोन प्रश्न विचारावेत. जिथे पाणी मोजले जाते तिथे उत्तर लगेच मिळते. द्राक्षे पिळून उरलेल्या चोथ्याचे खत होऊन तो बागेत परत जातो का, हेही विचारावे.

टेस्टिंगच्या वेळी 30 मिलिलिटरचे पाच नमुने घेतले तरी 150 मिलिलिटर, म्हणजे एक पूर्ण ग्लास वाइन पोटात जाते. चव घेऊन वाइन समोरच्या भांड्यात थुंकणे हा या व्यवसायातला नित्याचा शिष्टाचार आहे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. गाडी चालवणाऱ्याने मात्र चवही घेऊ नये.

खरेदी करताना रिकामी बाटली मागून ती हातात तोलून पाहावी. 750 मिलिलिटरच्या काही बाटल्या सुमारे 400 ग्रॅमच्या असतात, तर काही 900 ग्रॅमच्याही वर जातात. जाड काचेने साध्या वाइनची प्रत सुधारत नाही. काच वितळवण्याचे इंधन आणि वाहतुकीचे वजन मात्र वाढते. याला अपवाद फसफसणाऱ्या वाइनचा, कारण त्या बाटलीत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पाच-सहा पट दाब असतो आणि तो पेलायला जाड काच लागतेच.