सरकारी माल, आपला झेंडा: टेंडर भरण्याआधीचं गणित

बॅलार्ड इस्टेटच्या आमच्या चार्टरिंग (मालासाठी जहाज भाड्यानं ठरवण्याच्या) डेस्कवर नवीन आलेला पोरगा 'पंधरा टक्के सबसिडी' ऐकली की लगेच कॅल्क्युलेटर काढतो. सरकारी मालाच्या टेंडरमध्ये भारतीय झेंड्याच्या जहाजांना सरकारी योजनेतून मिळणारी ही मदत; पण मी त्याला आधी टेंडर वाचायला बसवते आणि सांगते:

खरेदी एफओबी (जहाज माल घेणारा ठरवतो) आहे की सीआयएफ (भाडं-विमा माल विकणाऱ्याकडे), ते पहिलं बघ. सीआयएफ असेल तर जहाज कोणतं ते माल विकणारा ठरवणार, फाईल मिटायची. शिवाय माल सरकारी हवा: मंत्रालयं आणि सरकारी कंपन्या मागवतात ते कच्चं तेल, एलपीजी, कोळसा, खत. नाशिकची द्राक्षं न्हावा-शेव्यातून कंटेनरनं परदेशी जातात, त्यांना यातलं काही नाही.

मग जहाजाचं वय. 1 फेब्रुवारी 2021 नंतर भारतीय झेंडा लागला (म्हणजे जहाजाची नोंदणी भारतात झाली) आणि तेव्हा वय दहाच्या आत असेल, तर परदेशी एल-वनच्या (सर्वांत कमी दर भरणाऱ्या कंपनीच्या) कोटच्या 15 टक्के; दहा ते वीस असेल तर 10. हे दर वर्षाला एकेक टक्का उतरत 10 आणि 5 वर थांबतात. त्या तारखेआधीच आपल्या झेंड्याखाली असलेल्यांना सरळ 10 आणि 5. विशी उलटलेल्याला शून्य.

खरी मेख 'दोन्हींतलं जे कमी' यात आहे: एक ते टक्के, दुसरा दोन कोटांतला फरक. समजा परदेशी एल-वनचं फ्रेट (जहाजभाडं) टनाला 2000 रुपये, आपला कोट 2200. पंधरा टक्के म्हणजे 300, पण फरक 200चा, तर मिळणार 200च. कोट 2400 असेल तर मिळणार 300 आणि उरलेले 100 आपल्या अंगावर, कारण आरओएफआरमध्ये (भारतीय जहाजाला माल नेण्याची पहिली संधी देणाऱ्या हक्कात) माल उचलायचा तर एल-वनचाच दर जुळवावा लागतो. तेव्हा सबसिडी धरून कोट फुगवू नकोस. आपणच एल-वन ठरलो तर छदामही नाही.

आपला कोट मुळात चढतो कशानं? कर्ज महाग आणि कमी मुदतीचं, जहाज आणताना आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), वर भारतीय जहाजावरच्या खलाशांच्या पगाराला प्राप्तिकर. देशाच्या परदेशी व्यापारातला 40.7 टक्के माल 1987-88 मध्ये आपली जहाजं वाहत होती. 2018-19 मध्ये सुमारे 7.8. मला विचारशील तर आधी हे कर काढायला हवे होते, सबसिडीचं नंतर बघता आलं असतं. असो.

योजना जुलै 2021 मध्ये मंजूर झाली, पाच वर्षांसाठी, 1624 कोटींची. तुझ्या टेंडरच्या तारखेला ती चालू आहे का, हे डीजी शिपिंगच्या (केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या) परिपत्रकांत बघून घे. पैसा संबंधित मंत्रालयाकडे जातो. त्यामुळे खताचा माल असेल तर एल-वनचा कोट, आपला कोट आणि जहाजाचं रजिस्ट्री सर्टिफिकेट खत विभागासाठी वेगळ्या फाईलला लावून ठेव.