बिअर मुरवायची असेल तर

बिअर म्हणजे गार करायची आणि संपवायची असंच आपल्या डोक्यात बसलंय, लागरला, म्हणजे नेहमीच्या हलक्या पिवळ्या बिअरला, ते बरोबरही आहे, पण काही बिअर अशा असतात की त्या लोणच्यासारख्या मुरतात आणि एकदा का दहा वर्षं मुरलेली बाटली चाखली की पुढची बाटली ठेवून द्यायला हात आपोआप शिवशिवतो.

आधी बाटली नीट निवडा. अल्कोहोल 8 टक्क्यांच्या वर, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरपूर, शक्यतो गडद रंग, म्हणजे बार्ली वाइन (नावात वाइन, पण आहे बिअरच), इम्पिरियल स्टाउट, बेल्जियमची क्वाड्रुपल वगैरे. आयपीए (इंडिया पेल एल) ठेवू नका प्लीज, तिची सगळी मजा हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांच्या, वासात आणि तोच सगळ्यात आधी उडतो. बेल्जियमची आंबट ग्यूझ मात्र कमी अल्कोहोल असूनही वर्षानुवर्षं टिकते, कारण तिच्यातलं जंगली यीस्ट बाटलीतही काम करत राहतं.

पहिल्यांदाच करताय तर लंडनची फुलर्स व्हिंटेज एल (एल हा बिअरचाच एक प्रकार) बघा. 1997 पासून दरवर्षी एक बॅच निघते, 8.5 टक्के, बाटलीवर वर्ष छापलेलं, आत यीस्ट जिवंत. एकाच वर्षाच्या किमान तीन घ्या, एक लगेच प्या आणि चव दोन ओळींत लिहून ठेवा, दुसरी तीन वर्षांनी, तिसरी अजून उशिरा. ही पहिली बाटली लोक वाचवायला जातात आणि मग पुढे काय बदललं ते कळायला काही उरतच नाही, माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक.

जुनी दुर्मिळ बाटली घ्यायची झाली तर टॉमस हार्डीज एल हे नाव लक्षात ठेवा. 1968 मधे इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रुअरीने कादंबरीकार टॉमस हार्डीच्या मृत्यूला 40 वर्षं झाली म्हणून काढली, 25 वर्षं टिकेल असं तेच सांगायचे. अशी बाटली घेताना मानेतली पातळी खाली गेलीय का, बुचाला गंज आहे का ते बघाच आणि इतकी वर्षं ती कुठे ठेवली होती हे विचारा, शोकेसमधे उजेडात राहिलेली असेल तर कितीही जुनी असो, सोडून द्या.

घरी ठेवताना 10 ते 13 डिग्री, अंधार आणि बाटली उभी. उजेडाने हॉप्समधली द्रव्यं फुटून घाण वास येतो, हिरव्या आणि पारदर्शक काचेत तर फारच पटकन. मुंबई-पुण्यात मे महिन्यात कपाटात ठेवून चालणारच नाही, वाइन फ्रिज लागतो. साध्या फ्रिजमधे बिअर खराब होत नाही पण मुरणं जवळजवळ थांबतं.

उघडायच्या आधी एक दिवस हलवू नका, गाळ खाली बसू दे. बर्फासारखी गार नको, 12-13 डिग्री पुरे. हळू ओता, शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच राहू दे. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बिअर गेली. खजूर, मनुका, काकवी, थोडी शेरी वाइनसारखी झाक आली तर जमलंय, मग त्याच बिअरची यंदाची बाटली शेजारच्या ग्लासात ओता आणि दोन्ही आळीपाळीने घोट घोट प्या.