महागडा रंधा: घेण्याआधी काय बघायचं, घेतल्यावर काय करायचं

रंधा कुणाचाही असो, कितीचाही असो, हातात आला की आधी उलटा करा. वरच्या मुठी, पितळेची चकाकी, डब्यावरचं नाव हे सगळं नंतर. मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये उभी हयात काढली. सरफेस प्लेट (तंतोतंत सपाट ठोकळा) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) यांच्याशिवाय माझा कुणावर विश्वास बसत नाही, आणि निवृत्तीनंतर लाकडाकडे वळलो तरी ही खोड गेलेली नाही. त्यामुळे लोक जेव्हा विचारतात, "काका, रंध्याला एवढे पैसे? साइटवरचा मिस्त्री तर इलेक्ट्रिक प्लेनर मारतो," तेव्हा मी त्यांना तळ दाखवतो.

तळ सपाट म्हणजे किती सपाट, ते आधी ठरवू. चांगल्या स्मूदिंग (शेवटी गुळगुळीत करायच्या) रंध्याने आपण ०.०३ ते ०.०५ मिलिमीटरची ढलपी काढतो. आता तळ तोंडापाशी (पातं जिथून बाहेर येतं त्या फटीपाशी) ०.१ मिलिमीटर खोलगट असेल, तर पात्याच्या लगेच पुढचं लाकूड दाबून धरायला खाली काहीच उरत नाही. पातं रेषे कापण्याआधी उचकटतं आणि पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा होतो. म्हणून तीन जागा एका पातळीत हव्यात: पुढचं टोक, तोंडाच्या पुढची पट्टी आणि मागची टाच. मधला भाग किंचित खोल असला तरी बिघडत नाही. तपासताना पातं रंध्यात बसवून, ते दाबून धरणारी लिव्हर कॅप नेहमीइतकी आवळून, पण पातं आत ओढून घेऊन तपासा. आवळल्यावर बॉडी थोडी वाकते, आणि काम आपण आवळलेल्या रंध्यानेच करणार असतो. चांगली स्ट्रेट एज (तंतोतंत सरळ पट्टी) तळावर उभी धरायची, मागे उजेड ठेवायचा आणि ०.०५ ची फिलर पट्टी त्या तीन जागी आत जाते का बघायचं. गेली तर दुकानदाराला रंधा हसतमुखाने परत.

स्वस्त रंध्याचा तळ घरी घासून सपाट करता येतो. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवायचा, तळावर मार्करच्या रेघा मारायच्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंत घासत बसायचं. मी हे केलंय आणि हात भरून येतात. १९८१ साली सुरू झालेली, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या वॉरन गावची ली-नीलसन कंपनी, किंवा कॅनडातल्या ओटावाची व्हेरिटास, हे घासकाम तुमच्यासाठी आधीच करून पाठवतात. पैसे मुख्यतः त्याचे. बॉडी साध्या बिडाची नसून डक्टाइल आयर्नची असते. साधं बीड फरशीवर पडलं तर तडकतं, हे सहसा वाकून निभावतं.

दुसरी गोष्ट पातं. जुन्या स्टॅनली कंपनीच्या रंध्याचं पातं साधारण २ मिलिमीटर जाड, या महागड्या रंध्यांचं ३ मिलिमीटरच्या वर. फरक ऐकायला मिलिमीटरभराचा वाटतो, पण पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. २ चे ३.२ झाले की ताठपणा चौपट. शिसवासारख्या कडक लाकडावर रंधा थरथरतो आणि आडव्या लाटा उमटतात ना, त्या इथेच थांबतात. अर्थात पातं ज्या उतारावर टेकतं तो फ्रॉगही सपाट हवा. पात्याच्या मागे प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा अगदी पातळ हात फिरवा, बसवा, काढा. फ्रॉगवर वरपासून खालपर्यंत ठसे पडले पाहिजेत, विशेषतः खाली, तोंडाजवळ. फक्त वरच ठसा उमटला तर पातं अधांतरी आहे.

पात्याच्या पोलादाबद्दल लोक भांडतात, मी थोडक्यात आवरतो. ओ-१ जातीचं पोलाद लवकर धार घेतं आणि धार अतिशय बारीक येते. ए-२ ची धार जास्त टिकते, पण कोन ३० अंशांच्या खाली नेला तर धारेचे सूक्ष्म तुकडे उडतात. व्हेरिटासने २०१२ मध्ये आणलेलं पीएम-व्ही-११ हे पावडरपासून बनवलेलं पोलाद दोन्हींचं सुख देतं. आपल्याकडे सागवान जास्त, आणि सागवानात सिलिका असते, ती धार खाते. सागावरच काम करणार असाल तर ए-२ किंवा पीएम-व्ही-११ घ्या. धार लावायला अजून शिकत असाल तर ओ-१.

आणि आता खरी गोष्ट. रंधा कितीही महाग घ्या, धार तुमची तुम्हालाच लावायची आहे. कारखान्यातून येते ती वापरण्याजोगी असते, पुरेशी नसते. मी जपानी पाण्याचे दोन दगड वापरतो, १००० (भरड) आणि ८००० (बारीक). आधी पात्याची पाठ. सगळी घासू नका, धारेलगतचा एक-दीड सेंटिमीटर पुरे. डेव्हिड चार्ल्सवर्थ या इंग्लिश फर्निचर कारागिराने यासाठी एक सोपी युक्ती प्रचारात आणली: ८००० च्या दगडाच्या एका कडेवर अर्ध्या मिलिमीटर जाडीची स्टीलची पट्टी ठेवायची आणि पात्याची पाठ तिच्यावर टेकवून फक्त धारेचा भाग दगडावर घासायचा. काही मिनिटांत धारेच्या पाठीला आरसा येतो. ही युक्ती रंध्याच्या पात्यालाच, पटाशीला नाही. पटाशीची पाठ पूर्ण सपाटच हवी.

मग पुढची बाजू. मूळ उतार २५ अंशांचा असतो, धार ३० वर. हात स्थिर नसेल तर पातं एकाच कोनात धरणारा होनिंग गाइड लावा, त्यात कमीपणा काही नाही. १००० वर घासत राहायचं, पाठीमागून बोट धारेच्या बाहेर ओढल्यावर टोकाला कुस, म्हणजे पलीकडे वळलेली धातूची खरखरीत कड, लागेपर्यंत. या कडेपासून त्या कडेपर्यंत लागली पाहिजे. मध्ये तुटली तर तिथे दगड अजून धारेपर्यंत पोचलेला नाही. मग ८०००, मग पाठ, की कुस गेली. शेवटी दोन्ही कोपऱ्यांवर आळीपाळीने बोटाचा दाब देऊन काही फेऱ्या जास्त मारा, म्हणजे धार कडांना केसभर मागे जाईल. नाहीतर फळीवर पात्याच्या कडांच्या रेघा उमटतात, आणि पॉलिश लावल्यावर त्याच आधी दिसतात.

पात्यावर जी दुसरी पट्टी बसते, कॅप आयर्न, तिच्याकडे बहुतेक लोक काणाडोळा करतात. मला विचाराल तर अर्धा रंधा तीच आहे. यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि काटो या प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाखाली चित्रण करून दाखवलं की ही पट्टी धारेपासून ०.१ ते ०.३ मिलिमीटरवर असली तर ती ढलपी मागे दुमडते, आणि रेषे पुढे फाटत जायच्या आतच कापले जातात. उलट्या रेषांचं लाकूड, गाठीच्या भोवतालचा भाग, शिसव, हे सगळं मग गप्प बसतं. पट्टी एक-दीड मिलिमीटर मागे ठेवली तर ती नसल्यासारखीच.

एवढ्या जवळ बसवायची कशी? स्क्रू अर्धवट आवळा, पट्टी धारेच्या अलीकडे आणा, खिडकीकडे तोंड करून बघा. धार आणि पट्टी यांच्यामध्ये चकाकणाऱ्या पोलादाची बारीक रेघ दिसते. ती जेमतेम दिसेनाशी होण्याच्या बेतात असताना स्क्रू आवळा. आवळताना पट्टी पुढे सरकते, तेवढी जागा आधीच धरून चाला. मग लाकडाला विचारा. पट्टी धारेपासून लांब असेल तर ढलपी गुंडाळी होऊन पडते. जवळ आली की ढलपी सरळ होऊन तोंडातून उभी वर येते. फारच जवळ गेली तर ती हार्मोनियमच्या भात्यासारखी चुण्या पडून निघते आणि रंधा ढकलायला जड जातो. सरळ उभी ढलपी आली की तिथेच थांबा. पट्टी आणि पातं यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये, नाहीतर फटीत ढलपी अडकून तोंड तुंबतं. महागड्या रंध्यात ही जोड बहुधा घट्टच येते, तरी उजेडाला धरून बघा.

पातं खाली आणताना रंधा उलटा धरा, खाली पांढरा कागद ठेवा आणि तळावरून नजर टाका. काळी रेघ दिसली की ती दोन्हीकडे सारखी करा, बाजूच्या लिव्हरने. नजरेवर विसंबू नका: लाकडाची एक पातळ चकती पात्याच्या डाव्या टोकावर ओढा, मग उजव्या. दोन्हीकडे सारखी साल निघाली पाहिजे. पातं पुढेमागे करणाऱ्या चक्रीचा शेवटचा फेरा नेहमी पातं पुढे नेण्याच्या दिशेनेच द्या, म्हणजे स्क्रूतला खेळ निघून जातो. पैशाचा फरक इथेही कळतो. स्वस्त रंध्यात चक्री एक-दोन फेरे नुसतीच फिरते, चांगल्यात पाव फेऱ्यात पातं हलतं.

कोणता आकार? पहिला एकच घ्यायचा तर नंबर ५, सुमारे १४ इंच लांब. फळी सरळही होते आणि गुळगुळीतही. नंबर ४ देखणा आहे, सगळ्यांना तोच हवा असतो, पण साडेनऊ-दहा इंचांचा रंधा फळीच्या खळग्यांवरून खालीवर होत जातो. एकदम चार-पाच रंधे मागवू नका. परदेशातून येणाऱ्या एकेका रंध्याला तीनशे डॉलरच्या वर, त्यावर कुरिअर आणि कस्टम्स, हिशेब करा. तेवढ्या पैशांत पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फिरून इंग्लंडमधल्या शेफिल्डचे, स्टॅनली आणि रेकॉर्ड कंपन्यांचे जुने रंधे किती येतील! ते घेताना तोंडाच्या कोपऱ्यांतून निघालेली तड तेवढी बघा. तड असेल तर फुकटातही नको. नसेल तर घासून, नवं जाड पातं टाकून तो उत्तम काम देतो. स्टॅनलीने लेनर्ड बेली या रंध्याच्या संशोधकाची पेटंट १८६९ साली विकत घेतली, आणि आजचे महागडे रंधेही मूळ त्याच घराण्यातले, फक्त नीट वाढवलेले.

नॉरिस आणि स्पायर्स या जुन्या ब्रिटिश रंध्यांचं नाव कुणी ना कुणी काढतंच. स्कॉटलंडच्या एअर गावातले स्टुअर्ट स्पायर्स १८४० च्या सुमारापासून, आणि त्यांच्यानंतर लंडनचे नॉरिस: पोलादी तळ आणि बाजू डोव्हटेलने (एकमेकांत अडकणाऱ्या सांध्यांनी) जोडायच्या, आत शिसवासारखं कडक लाकूड ठासून बसवायचं. नॉरिसच्या पातं पुढेमागे करणाऱ्या अॅडजस्टरचं पेटंट १९१३ चं. अशा रंध्याचं वजन हातात घेतलं की माझ्यासारखा फिटर हळवा होतो, हे खरं. पण ते संग्राहकांचं प्रकरण आहे. पातं घट्ट आवळलेलं असताना चुकून अॅडजस्टर फिरवला तर स्क्रूचे आटे खराब होतात, एवढं मात्र लक्षात ठेवा.

जपानी कान्ना ही वेगळी जात. ढकलायचा नाही, ओढायचा. मऊ लोखंडाच्या पाठीवर कडक पोलादाचा पातळ थर, खाली ओकचा ठोकळा. पातं हातोडीच्या टकटकीने पुढे, आणि ठोकळ्याच्या मागच्या टोकावर मारलं की मागे. जपानात 'केझुरोकाई' नावाचे मेळावे भरतात, तिथे १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतली ढलपी काढण्यावर चढाओढ चालते. घ्या जरूर, पण आपल्या हवेत तो ठोकळा जूनमध्ये फुगतो आणि जानेवारीत आकसतो. दर हंगामात तळ पुन्हा खरवडून बसवायची तयारी असेल तरच.

चालवायला फार काही लागत नाही. तळावर मेणबत्तीच्या दोन वाकड्यातिकड्या रेघा ओढा. याने केवढा फरक पडतो ते करूनच कळेल, आणि दर काही मिनिटांनी पुन्हा ओढा. सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर, फळी संपताना मागच्या. ढकल खांद्याने नाही, पायांनी.

पावसाळ्यात मात्र हयगय चालत नाही. हाताचा घाम लागलेला बिडाचा तळ दोन दिवसांत तांबडा पडतो. काम संपलं की भुसा ब्रशने झाडा, शिवणयंत्राच्या तेलाचा फडका तळावर, बाजूंवर आणि पात्याच्या पाठीवर फिरवा. खोबरेल तेल नको, ते चिकटतं. पेटीत कापराच्या वड्या आणि सिलिका जेलची पुडी ठेवा, पुडी महिन्याने बदला. आठवड्यातून एकदा कॅप आयर्न सोडवून बघा, कारण गंज बाहेर दिसायच्या आधी त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये धरतो, नेमका धारेजवळ. तांबूस ठिपका दिसलाच तर बारीक स्टील वूल आणि तेल. खड्डा पडला असेल तर पुन्हा १००० चा दगड काढा.